कारणाचा रकाना

तक्रारदार : साखर कारखान्यातील पॅनवरचे मिस्त्री, वय अदमासे पंचावन्न, मूळ राहणार जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागातील एक खेडे. गैरहजर.

ज्याच्याविरुद्ध तक्रार तो इसम : प्रस्तुत मजकूर लिहिणारा, वय त्रेचाळीस, शिक्षण मराठी सातवी पास, धंदा अर्जलेखन, बसण्याची जागा तालुका कचेरीच्या आवारातील कडुलिंबाखाली. हजर.

घटनेचे ठिकाण : जिल्ह्याच्या उत्तर भागातील एक साखर कारखाना, पैकी पॅनचा मजला, फाटकाजवळचा काचेचा सूचनाफलक आणि ऑफिसच्या मागील लांब खोली.

घटनेचा काळ : मोठ्या दुष्काळाच्या आधीचा गळीत हंगाम, संक्रांतीनंतरचा पंधरवडा, आणि तेथून पुढची दोन वर्षे.

साक्षीदार : एक, कारखान्याचे चीफ केमिस्ट. दोन, मिल खात्यातील फिटर, राहणार सोनईकडील. तीन, मिस्त्रींची पत्नी.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. वीस वर्षांच्या धंद्यात नाव, बापाचे नाव आणि गाव यांवाचून एकही कागद मी हातावेगळा केलेला नाही, हा पहिलाच. सदर तक्रार तक्रारदाराने केलेली नाही, त्याच्या सांगण्यावरून लिहिलेली नाही आणि ती लिहिली जात आहे हे त्याला ठाऊकही नाही. ज्याने करावयास हवी होती त्याने ती केली नाही, सबब ज्याच्याविरुद्ध व्हावयाची त्यानेच ती लिहून द्यावी, असे मी बरेच दिवस विचार करून ठरविले आहे.

आता हकीकत.

त्या सुमारास कारखान्यात मालक बाजू आणि कामगार बाजू यांची एक संयुक्त समिती होती. पाच माणसे ऑफिसची, पाच माणसे कामगारांची. महिन्यातून एकदा लांब खोलीत बसायचे, कामाच्या जागी काय अडते ते बोलायचे आणि दोन्ही बाजूंना पटेल असा तोडगा काढायचा, एवढेच तिचे काम. पगार आणि बोनस या गोष्टी तिथे काढायच्या नाहीत, त्या युनियनने वेगळ्या मांडायच्या. समितीत येणारे विषय साधे असत. मिलपाशी पिण्याच्या पाण्याचा रांजण हवा. सायकली उन्हात तापतात, वर पत्रा हवा. बॉयलरवरच्या लोकांना पायांत बूट मिळावेत आणि ते मापाचे असावेत, कारण आधी आलेले सगळे एकाच मापाचे निघाले होते आणि एका फायरमनने आपले बूट शेवटी बायकोला गोवऱ्या थापताना घालायला दिले होते.

समितीचे इतिवृत्त पूर्वी ऑफिसातला एक कारकून इंग्रजीत लिहीत असे. कामगार बाजूच्या लोकांनी त्याला हरकत घेतली. त्यांचा पुढारी म्हणजे उपरोक्त फिटर. उंच, बोलका, कानावर कायम पेन्सिल ठेवणारा. तो मॅनेजर साहेबांना म्हणाला, "साहेब, आमी काय बोललो ते आमालाच वाचता येत न्हाई. उद्या आमी म्हशी मागितल्या असं लिवलं तरी खाली सही आमचीच."

मॅनेजर साहेब हसले. ते पुण्याकडचे, मितभाषी, कडक इस्त्रीचे. परंतु ऐकून घेणारे. ते म्हणाले, "मग दोन्हीकडचा नसलेला माणूस आणा. मराठीत लिहील असा."

तेव्हा फिटर सायकल मारीत कचेरीत आला आणि कडुलिंबाखाली माझ्यासमोर उकिडवा बसला. तालुक्यात लिहिणारे आणखी तिघे होते. तरी तो माझ्याकडेच का आला, हे मी त्याला विचारले नाही; विचारण्याचे कारण मला दिसले नाही.

पहिल्याच बैठकीत माझ्या लक्षात आले की या लोकांना बोलता येते परंतु मांडता येत नाही. एकजण रांजणावरून सुरुवात करी आणि मुलीच्या सोयरिकीवर जाई. मी एक मोठी वही घेतली आणि पानावर चार रकाने आखले. विषय. कारण. मागणी. निर्णय. अर्ज कोणताही असो, तो या चार पायांवर उभा राहतो हे मला अनुभवाने ठाऊक होते, आणि त्यातही दुसरा पाय महत्त्वाचा. कारण नसलेली मागणी कचेरीत कोणी उघडूनही पाहत नाही. समितीला माझी पद्धत फार पसंत पडली. इतिवृत्त बैठकीनंतर तीन दिवसांच्या आत फाटकाजवळच्या काचेच्या फलकात लावावे, म्हणजे प्रत्येक पाळीला वाचता येईल, हा नियमही मीच सुचविला आणि तो एकमताने मंजूर झाला. कागद बाहेर लागला की पाळी सुटल्यावर लोक तिथे घोळका करीत. ज्यांना वाचता येई ते मोठ्याने वाचीत. मी दोनदा मुद्दाम त्या बाजूने गेलो आणि मागे उभा राहून ऐकले. फिटर म्हणे, "भाऊसाहेब, लई ब्येस लिवता. रांजणाला बी इज्जत आली."

असो. संक्रांतीनंतरच्या बैठकीत शेवटचा विषय फिटरने मांडला.

"पॅनपाशी उजेड वाढवा साहेब."

"दोन बल्ब आहेत ना तिथे?" मॅनेजर साहेबांनी विचारले.

"हायेत. पन एक ट्यूब द्या. काच बघायची जागा हाय, तिथंच."

चीफ केमिस्ट मालक बाजूला बसत. स्थूल, सावकाश बोलणारे, तपकीर ओढणारे गृहस्थ. ते म्हणाले, "द्या. मलाही हवीच आहे."

"ठीक. पुढच्या आठवड्यात लागेल," मॅनेजर साहेब म्हणाले आणि चहा आला. सगळा विषय बशीत ओतलेला चहा थंड होण्याआधी संपला. इतक्या झटपट एकमत मी त्या खोलीत पूर्वी पाहिले नव्हते. परंतु माझ्या वहीत दुसरा रकाना कोरा राहिला.

मी बाहेर फिटरला गाठले. "कारण काय लिहू?"

"काय बी लिवा. अंधार पडतो म्हना."

"दोन बल्ब आहेत हे साहेब भर बैठकीत बोलले. मग अंधार कसा?"

"मग नका लिवू," असे म्हणून तो सायकलवर बसून निघून गेला.

कोरा रकाना मला बोचू लागला. बांधाच्या भांडणाचा अर्ज लिहिण्याआधी मी स्वतः बांध पाहून येतो, तशीच ही पाहणी करावी असे मी ठरविले. दुसऱ्या दिवशी परवानगी काढून मी लोखंडी जिना चढून पॅनच्या मजल्यावर गेलो.

पॅन म्हणजे दोन माणसांच्या उंचीचे बंद हंडे. आत उसाच्या रसाचा पाक उकळत असतो आणि त्यात साखरेचा दाणा धरतो. दाणा किती झाला हे आत डोकावून कळत नाही. पॅनचा मिस्त्री एका नळीतून सळईने थोडा पाक बाहेर काढतो, काचेच्या तुकड्यावर पसरतो, उजेडाकडे धरून पाहतो. दाणा बारीक असता पॅन खाली सोडला तर साखर हातची जाते. वेळ झाल्यावरही सोडला नाही तर पाक घट्ट होऊन बसतो. सबंध कारखाना ऊस तोडून, वाहून, पिळून जे काही करतो, ते अखेर त्या एका काचेवर येऊन थांबते. ती काच ज्याच्या हातात, त्याला केमिस्टसुद्धा अहो-जाहो करतात.

आमचे मिस्त्री रोड बांध्याचे, डोक्याला पांढरे उपरणे गुंडाळलेले. मी खांबाआड उभा राहिलो. त्यांनी पाक काढला, काचेवर पसरला, बल्बकडे धरला. शेजारी त्यांचा जोडीदार होता, चाळिशीचा दणकट गडी. तो काचेकडे पाहून ओठही न हलवता म्हणाला, "बारीक." मिस्त्रींनी बोटावर पाक घेतला, अंगठ्याने चोळला, आणि वाफेची चाकी थोडी फिरविली. काही वेळाने पुन्हा तेच. "जमतंय." पुन्हा बोट, पुन्हा अंगठा. मग मिस्त्रींनी मान हलविली आणि जोडीदाराने खाली हाक दिली. मी जिना उतरताना मिस्त्री जिन्याच्या तोंडाशी आले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "कोन हाये?" मी चार हातांवर होतो आणि आमची ओळख तीन वर्षांची होती.

मला फार वाईट वाटले, हे मी शपथेवर लिहितो. एवढा मोठा कसबी माणूस, आणि त्याला काच दिसत नाही. माझ्या मनाने घेतले की ही गोष्ट ठळक मांडली तर मागणीला जोर येईल, ट्यूब एकाऐवजी दोन मिळतील आणि माणसाच्या अडचणीची नोंद राहील. घरी जाऊन मी दुसरा रकाना भरला. वाक्य मला अजून पाठ आहे. "सदर खात्याचे मिस्त्री," पुढे नाव, "यांची दृष्टी मंदावल्याकारणाने काचेवरील दाणा त्यांस दिसत नाही व जोडीदाराच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागते, सबब त्यांच्या कष्टांचा सहानुभूतीने विचार व्हावा." अक्षर मी नेहमीपेक्षा मोठे काढले. तिसऱ्या दिवशी कागद फलकात लागला.

चौथ्या दिवशी दुपारी चीफ केमिस्ट स्वतः कचेरीत आले. कडुलिंबाखाली मी एका म्हाताऱ्याचा वारसाचा अर्ज लिहीत होतो. ते बाकाच्या टोकावर बसले आणि म्हातारा जाईपर्यंत थांबले.

"भाऊसाहेब, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी प्रत्यक्ष पाहिलं."

"आम्हीही पाहिलं होतं," ते म्हणाले. "दोन हंगाम पाहतोय. मी, फिटर, पॅनवरची सगळी माणसं. मॅनेजर साहेबांनाही अंदाज होता. म्हणून तर ट्यूब का हवी, असं कोणी विचारलं नाही."

"मग लिहिलं का नाही कोणी?"

त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली. "एक पॅन चुकला नाही हो त्या माणसाचा दोन हंगामांत. बोटावर दाणा ओळखतो. आमचे डोळे असून आम्हाला ओळखता येत नाही. काल एक डायरेक्टर फाटकाशी थांबले. ऊस घालायला आले होते, लोक वाचत होते ते त्यांनी ऐकलं. तडक ऑफिसात आले. म्हणाले, आमचा ऊस आंधळ्याच्या हातात दिला का? आता साहेब काय करणार? आज सकाळी मिस्त्रींना पॅनवरून खाली बसवलंय."

मी म्हणालो, "मी त्यांच्या भल्यासाठीच लिहिलं होतं."

"ते दिसतंच आहे वाचताना," केमिस्ट म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

मिस्त्रींसाठी समितीची जादा बैठक ठरली. प्रश्न एवढाच होता की त्यांची पॅनवरची जागा राहते की जाते. त्या कामावाचून दुसरे कोणतेही काम त्यांनी तीस वर्षांत केले नव्हते, आणि गावाकडे जमीन होती ती नुसत्या पावसाच्या भरवशाची. मी दोन दिवस खपून त्यांच्या वतीने चार पानी विनंती-अर्ज तयार केला आणि बैठकीच्या आदल्या संध्याकाळी कामगारांच्या चाळीत गेलो.

मिस्त्री ओट्यावर बसले होते. त्यांच्या पत्नी तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांनी सूप खाली ठेवले.

"या. आमी तुमचीच वाट बगत हुतो," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकाला आंदळा म्हून फाटकावर टांगलं, आता काय ऱ्हायलंय?"

"अगं, गप," मिस्त्री म्हणाले.

"का म्हून गप? बाजारात बाया मला इचारत्यात, भाकर हातानं भरविती का. अन् हे भाऊसाहेब आमच्या घरी चार वेळा च्या पिऊन गेलेत."

मी म्हणालो, "अर्ज आणलाय. साहेबांपुढे ठेवू."

"वाचा," मिस्त्री म्हणाले.

मी वाचला. त्यात त्यांच्या तीस वर्षांच्या सेवेचे वर्णन होते, बोटावर दाणा ओळखण्याच्या विद्येचे होते, शेवटी दयेची याचना होती. ते मान खाली घालून सगळे ऐकत होते.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "माझ्याबद्दल इतकं चांगलं कोनी लिवलं नव्हतं. पन ह्यावर मी सही करनार न्हाई."

"का?"

"मला कागूदच नको भाऊसाहेब. मी तोंडानं बोलंन."

त्यांच्या पत्नीने सूप पुन्हा हातात घेतले. मला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी लांब खोलीत दोन्ही बाजूंची दहा माणसे जमली. मिस्त्री दाराशी उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मॅनेजर साहेब म्हणाले, "बोला मिस्त्री. इथं काय बोलाल ते ऐकायलाच बसलोय."

"साहेब, कागदात आलंय ते खरं हाये. मला काच दिसत न्हाई. जोडीदार सांगतो, मी बोटानं बगतो. चोरून केलं, ते चुकलं."

"डॉक्टरला दाखवलंत का कधी?"

मिस्त्रींनी उपरण्याचे टोक हातात घेतले. "न्हाई."

"का?"

"भ्या वाटतं," ते म्हणाले. "डोळ्यात सुरी घालत्यात म्हने."

पाकाच्या उकळत्या हंड्यापाशी तीस वर्षे उभा राहिलेला माणूस दहा जणांसमोर हे बोलला आणि खोलीत कोणी हसले नाही. फिटर हळूच म्हणाला, "मिस्त्री, माझ्या सासऱ्याचं केलंय. मी येतो की संगं. सुरी घालताना तुमचा हात मी धरतो, तुमी माझा धरा. मी बी लई भितो." तेव्हा मात्र सगळे हसले, मिस्त्रीसुद्धा.

मग पुष्कळ वेळ बोलणे झाले. इतक्या वर्षांत मी अनेक सुनावण्या पाहिल्या, परंतु दोन बाजू समोरासमोर बसून एकाच बाजूने विचार करताहेत असे तिथेच पाहिले. नुसती लक्षणे ऐकून कारखान्याचे डॉक्टर म्हणाले होते की मोतीबिंदू असावा. नगरला डोळ्यांचे शिबिर होते. केमिस्ट म्हणाले, तोवर पॅनवर जोडीदार उभा राहील, वर मी लक्ष ठेवतो. मॅनेजर साहेब म्हणाले, डायरेक्टर साहेबांशी मी बोलतो; डोळा झाल्यावर डॉक्टरची चिठ्ठी आणावी, पुढच्या हंगामात जागा यांचीच. सर्वांनी माना हलविल्या. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिले.

"भाऊसाहेब, हे कसं लिहिणार?"

मी पेन उचलले. विषय लिहिला : मिस्त्री यांची रजा. दुसऱ्या रकान्यापाशी थांबलो आणि दाराकडे पाहून विचारले, "मिस्त्री, काय लिहू?"

"कारन लिवू नका," ते म्हणाले.

मी तिथे आडवी रेघ मारली. साहेब म्हणाले, कारणाशिवाय रजा ऑफिसात चालणार नाही. त्यावर केमिस्ट म्हणाले, "घरगुती लिहा. आमच्याकडे सगळ्या रजा घरगुतीच असतात." तेच लिहिले गेले.

शस्त्रक्रिया शिबिरात झाली. एका डोळ्याची. फिटर खरोखर बरोबर गेला. उन्हाळ्याअखेर मिस्त्रींना जाड भिंगाचा चष्मा मिळाला आणि ते गावाकडून येऊन सगळ्यांना भेटून गेले, मला सोडून. फिटरने सांगितले की ते बेलापूरच्या बाजारात एका वांग्यापाशी थांबून म्हणाले होते, केवढं मोठं हाये हे!

त्या वर्षी पाऊस पडला नाही. पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू झाला तेव्हा ऊस इतका थोडा होता की कारखाना संक्रांतीपर्यंत तरी चालेल का, अशी शंका होती. म्हणून पहिल्या पॅनकडे सगळ्यांचे डोळे होते. मिस्त्री चष्मा लावून पॅनवर उभे राहिले. वर नवी ट्यूब होती. पुढचे मला केमिस्टांनी सांगितले ते असे.

मिस्त्रींनी पाक काढला, काच ट्यूबकडे धरली, आणि त्यांचा चेहरा उजळला. जोडीदार सवयीने म्हणाला, "बारीक."

"थांब की. मला दिसतंय," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, बारीक हाय अजून."

"म्या बगतोय ना! शाबूदान्याएवढा झालाय!" आणि त्यांनी पॅन सोडायला सांगितले. बोट त्यांनी पाकाला लावलेच नाही. तीन वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी दाणा पाहिला होता. बोटाची आठवण कशाला होईल?

तो दाणा मोठा नव्हताच. मोतीबिंदू काढल्यावर जो जाड चष्मा देतात, त्यातून प्रत्येक वस्तू आहे त्याहून मोठी दिसते, हे डॉक्टरने नंतर सांगितले. पॅन वेळेआधी खाली गेला. साखर पिठासारखी निघाली आणि यंत्राच्या जाळीतून मळीबरोबर वाहून गेली.

समिती पुन्हा बसली. यावेळी कोणाचीच तक्रार नव्हती. मॅनेजर साहेब स्वतः म्हणाले, "नव्या चष्म्याची सवय व्हायला पंधरा दिवस लागतात म्हणे. तोवर मिस्त्रींनी बोटानं पाहावं, जोडीदारानं काच पाहावी. पूर्वीसारखंच." फिटर म्हणाला, "बास. पूर्वीसारखंच." केमिस्टांनी मान हलविली. जागा राहणार होती. फक्त मिस्त्रींनी हो म्हणायचे बाकी होते.

मिस्त्रींनी चष्मा काढून हातात घेतला. "साहेब, तुमी सगळे चांगले हायेत. पन हे बी आता फाटकावर लागंल."

"नाही लावणार," साहेब म्हणाले.

मिस्त्री वळून माझ्याकडे पाहू लागले. बिनचष्म्याने मी त्यांना दिसत नसणार, तरी ते माझ्या दिशेने पाहत राहिले. मी फक्त एवढेच म्हणायला हवे होते की, मिस्त्री, मी हे लिहिणार नाही. परंतु इतिवृत्त तीन दिवसांत फलकात लावण्याचा नियम माझाच होता, तो ठरावाने मंजूर झाला होता, आणि एका विषयापुरता तो बाजूला ठेवता येईल की त्यासाठी वेगळा ठराव लागेल, याचा मी विचार करू लागलो. खरोखर तोच विचार करीत होतो. पेन माझ्या हातात होते आणि टोपण काढलेले होते.

"बरं हाये," मिस्त्री म्हणाले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, चष्मा खिशात ठेवला आणि दारातून बाहेर पडले. फिटर त्यांच्या मागे धावला. त्याच आठवड्यात त्यांनी चाळीतली खोली सोडली. कागदावर मी, "चर्चा झाली," एवढेच लिहिले, आणि तो कागद मॅनेजर साहेबांच्या सांगण्यावरून फलकात लावला गेला नाही. हे मिस्त्रींना कोणी कळविले की नाही, मला माहीत नाही.

दुष्काळात ते गावाकडे रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडत होते, असे फिटर सांगत असे. पुढे पाऊस झाला, ऊस वाढला, कारखाना पूर्ववत चालू लागला. केमिस्टांनी मिस्त्रींना दोनदा निरोप पाठविला की पॅनवर जोडीदार आहे, पण शिकवायला कोणी नाही, या. दोन्ही वेळा निरोप्याला जेवू घालून परत पाठविण्यात आले. उत्तर आले नाही. मी एकदा फिटरला विचारले की माझ्याविषयी काही बोलतात का. तो म्हणाला, "न्हाई भाऊसाहेब. तुमचं नावच काढत न्हाईत." समिती अजून भरते. मी अजून लिहितो. दुसरा रकाना मी आता आखत नाही. वहीत तीनच रकाने असतात आणि त्याविषयी आजवर कोणी विचारलेले नाही.

सबब, तक्रारदार मिस्त्री यांस नम्र विनंती की :

आपली जागा समितीने काढून घेतलेली नव्हती व नाही. आपण गेलात ते माझ्यामुळे, असे माझे म्हणणे आहे. ते खरे की खोटे याचा निवाडा आपणाखेरीज कोणी करू शकत नाही. तरी आपण कारखान्यात परत यावे. येणे नसल्यास निदान मला दोषी ठरवावे अगर सोडावे, आणि जे काही ठरेल ते कृपा करून कळवावे. कागदावर कळविण्याची गरज नाही. फिटर चैत्रात आपल्या गावावरून जाणार आहे, त्याच्यासोबत मी येईन आणि ओट्याखाली उभा राहीन. आपण बोलावे. वही मी बरोबर आणणार नाही.

कळावे, उत्तराची वाट पाहत आहे.

अर्जलेखक